दिवसभर घरी कोण असतं?

तीन बायका एका घरात चार वर्षं राहिल्या की किस्से साठवावे लागत नाहीत. ते फ्रिजवरच्या रबरबँडसारखे आपोआप साठतात. आमच्या दवाखान्यात चहाच्या वेळेला कोणीतरी म्हणतंच, "उषा सिस्टर, तुमच्या घरचं सांगा काहीतरी." मी सांगते. सगळे हसतात, मीही हसते, कारण आता हसायला हरकत नाही. मधे एकदा ते घर मोडता मोडता राहिलं. तेव्हा मला यातलं काहीच हसण्यासारखं वाटत नव्हतं.

घर म्हणजे वसमतला एका माडीवरच्या दोन खोल्या, किचन आणि पुढं गच्ची. खाली घरमालक काका राहतात, हळदीच्या आडतीवर मुनीम आहेत. वर आम्ही तिघी. सगळ्यात मोठ्या शेळके मॅडम, जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात. मिस्टर वारले, मुलगी सासरी गेली, एकटं राहवेना म्हणून त्यांनी ही माडी घेतली आणि आम्हाला बोलावून घेतलं. मधली मी, सरकारी दवाखान्यात नर्स, गाव कनेरगाव नाक्याकडचं. आणि लहान मंदा, सिद्धेश्वर धरणाजवळच्या खेड्यातली.

मंदा पुण्याच्या कंपनीत नोकरीला आहे, पण पुण्याला ती एकदाच गेलीय, तेही इंटरव्ह्यूला. लोकांनी ऑनलाइन मागवलेल्या वस्तू फाटक्या आल्या, चुकीच्या आल्या किंवा आल्याच नाहीत की ते चिडून फोन करतात. तो फोन आमच्या किचनमध्ये वाजतो. डब्यांच्या फळीखाली छोटं टेबल, त्यावर लॅपटॉप, कानाला हेडफोन. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मंदा लोकांची माफी मागत असते.

भाडं तिघींत सारखं, गॅस सारखा, किराणा सारखा. लाइट बिलही सारखंच होतं, पहिला उन्हाळा येईपर्यंत.

*

एरवी नऊशेच्या आसपास येणारं बिल एप्रिलमध्ये सत्तावीसशे आलं. मॅडमनी ते पुढून वाचलं, मागून वाचलं आणि विचारलं, "दिवसभर घरी कोण असतं?"

मंदा म्हणाली, "मी असते, मॅडम. कूलर पण मीच लावते. माझं जास्ती धरा, मला काही तकलीफ न्हाई."

दुसरी कोणी असती तर खूश होऊन दोनशे-तीनशे रुपये जास्त घेऊन मोकळी झाली असती. मॅडम म्हणाल्या, "अंदाजानं नको. अंदाजानं धरलं की दोघींच्याही मनात राहतं." मग त्यांनी कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं, पट्टीनं रेघा मारल्या आणि सूत्र तयार केलं. जी जितके तास घरी, तितका तिचा बिलात वाटा. पान फ्रिजवर चिकटवलं. रोज रात्री जेवणं झाली की त्या तास भरायच्या. "उषा, तुझे आज किती? मंदा, भाजीला गेली होतीस, वीस मिनिटं वजा."

पहिल्या महिन्यात मंदाला सगळ्यात जास्त आलं. तिनं मुकाट्यानं दिलं.

दुसऱ्या महिन्यात शाळेला सुट्टी लागली.

मॅडम सकाळपासून घरी. तीन-चार दिवसांनी त्या फ्रिजसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी साडेअकराला साडी बदलून, पर्स घेऊन निघाल्या आणि तीनला परत आल्या. तिसऱ्या दिवशी तेच. मला वाटलं ट्रेझरीचं काही काम असेल. नंतर कळलं की त्या बँकेत जाऊन बसत होत्या. तिथं एसी आहे, गार पाण्याचा कूलर आहे आणि खुर्च्याही बऱ्या आहेत. चौथ्या दिवशी तिथला क्लार्क जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, तुमचं काम कोणाकडं अडकलंय? सांगा, मी करून देतो."

मॅडम म्हणाल्या, "अडकलेलं नाही. तीनला होईल."

तरी मे महिन्याचं त्यांचं बिल जवळपास मंदाइतकंच आलं. मी म्हणाले, सुट्टीचे तास सोडून देऊ या. त्यांनी पैसे मोजून टेबलावर ठेवले. "सोडायचे कशाला? सूत्र म्हणजे सूत्र."

त्यांच्या या सरळपणामुळेच पुढचं सगळं अवघड झालं. वाकडं माणूस असतं तर भांडून मोकळं होता आलं असतं.

*

तास कमी करता येत नव्हते, म्हणून मंदानं कूलर कमी केला. आम्हाला सांगितलं नाही. आम्ही गेलो की ती लॅपटॉप उचलून गच्चीवर जायची. शेजारच्या कडुनिंबाची सावली आमच्या गच्चीच्या कोपऱ्यात पडते, तिथं सतरंजी टाकून ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायची. बॅटरी संपत आली की खाली.

खाली शेजारणीची शेळी बांधलेली असते. एक दिवस नागपूरकडचे एक गृहस्थ फोनवर तावातावानं बोलत होते. बूट मागवले होते, दोन्ही डाव्या पायाचे आले. ते बोलायला लागले की शेळी ओरडायची. ते थांबले की शेळी थांबायची. असं तीन वेळा झालं.

गृहस्थ म्हणाले, "मॅडम, ये बीच में कौन बोल रहा है?"

मंदा घाबरली. घरून काम करताना मागून आवाज आला की कंपनी मार्क कापते. खोटं बोलणं तिला सुचेना. ती म्हणाली, "सर, बकरी है. आपकी बात उसको भी सही लग रही है."

मग ते गृहस्थ जे हसायला लागले ते थांबेनात. बूट बदलून घ्यायला कबूल झाले, वर "बकरी को नमस्ते" म्हणून फोन ठेवला. मंदाला दोन दिवस झोप नाही, नोकरी गेली असंच ती धरून चालली होती. तिसऱ्या दिवशी साहेबानं सगळ्या टीमला ते रेकॉर्डिंग ऐकवलं आणि म्हणाला, चिडलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते या मुलीकडून शिका.

ही गोष्ट तिनं आम्हाला सांगितली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. तू गच्चीवर उन्हात काय करत होतीस, हे दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही.

*

आता माझं सांगते. दवाखान्यात हे मी कधी सांगत नाही.

नाइट ड्यूटी असली की मी सकाळी नऊला घरी येऊन दुपारपर्यंत झोपते. मॅडमच्या सूत्रात माझे ड्यूटीचे आठ तास बाहेर धरलेले होते, आणि झोपेचे तास कोणाचेच धरायचे नाहीत असं ठरलेलं होतं, कारण रात्री सगळ्याच झोपतात. म्हणजे नाइटच्या आठवड्यात दिवसाच्या माझ्या झोपेचा वाटा शून्य. आणि मी झोपायची कुठं? कूलरसमोर. मी झोपले असले की मंदा कूलर लावायची, माझ्याकडं तोंड करून. मी जागी असले की म्हणायची, "मला गार वाटून राहिलं, ताई. बंद करते."

सूत्रात ही फट आहे, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी गप्प बसले. शंभर-दीडशे रुपयांसाठी माणूस किती वेळ गप्प बसू शकतो, हे माझं मला कळलं. चार महिने.

बरं, मी झोपलेली असताना ही पोरगी फोनवर कुजबुजत बोलायची. "सर, आपका रिफंड मिल जाएगा," हे इतक्या हळू की लोकांना वाटायचं, यात काहीतरी आतली गोष्ट आहे आणि ती फक्त आपल्यालाच सांगतायत. लोक पण हळू आवाजात "थँक यू मॅडम" म्हणायचे. माझ्या नाइटच्या आठवड्यात तिला सगळ्यात चांगले मार्क मिळायचे.

*

पावसाळा सुरू झाला आणि मंदाची बहीण बाळंत झाली. मंदा आठ दिवस गावाला गेली, लॅपटॉप घेऊन. मॅडमनी फ्रिजवरच्या पानावर तिच्या नावापुढं आठ शून्यं काढली.

आमच्याकडं नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, तेही सकाळी साडेदहानंतर कधीतरी. ते येतं तेव्हा कोणीतरी खाली जाऊन मोटार लावावी लागते आणि वर टाकी भरली की बंद करावी लागते. हे कोणीतरी म्हणजे कोण, याचा विचार आम्ही कधी केलाच नव्हता. पाणी आलं तेव्हा मॅडम शाळेत, मी दवाखान्यात. सहाव्या दिवशी टाकीनं खडखडाट केला. मॅडमनी दुकानातून पाण्याचे जार मागवले आणि विकतच्या गार पाण्यानं आंघोळ करून शाळेत गेल्या. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या भिजल्या. मॅडमच्या मुलीनं पाठवलेलं पार्सल दोनदा येऊन परत गेलं. दूधवाल्यानं पिशवी दाराला अडकवली, ती मांजरानं फाडली.

गॅस सिलिंडर सातव्या दिवशी मी रिक्षात घालून स्वतः आणलं, कारण दोनदा गाडी येऊन गेली होती. गोडाऊनवरचा माणूस माझ्याकडं बघून म्हणाला, "तुमी नवीन का? त्या माडीवर तर एक मंदाताई राहतात."

मी म्हणाले, "आम्ही तिघी राहतो. वर्ष होत आलं."

तो म्हणाला, "असं व्हय? आमाला वाटलं एकच बाई राहते."

हे मी घरी येऊन मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मंदाला फोन लावला. बाळ कसं आहे, बहीण कशी आहे, विचारलं आणि मग म्हणाल्या, "तू कधी येतेस? नाही, सहज विचारलं."

मंदा आली त्या दिवशी नळाला पाणी आलं. मॅडमनी आल्या आल्या तिला चहा करून दिला. पण पानावरचं सूत्र तसंच राहिलं. पाणी भरण्याचे तास कसे धरायचे, हे त्यांना बसवता येत नव्हतं. दोन संध्याकाळी त्यांनी प्रयत्न केला, मग पेन्सिल ठेवून दिली.

*

आणि मग ऑगस्टचं बिल आलं. पाच हजार आठशे.

पावसाळ्यात कूलर बंद. फ्रिज, दोन पंखे, चार दिवे आणि एक लॅपटॉप. मॅडमना त्या दिवशी शाळेतून यायला उशीर झाला होता, डोकं दुखत होतं. त्यांनी बिल बघितलं आणि किचनच्या दारातून म्हणाल्या, "एवढं करतेस तरी काय गं तू दिवसभर?"

आवाज चढला नव्हता. पण वाक्य तोंडातून गेलं ते गेलं.

मंदानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. त्या रात्री ती जेवली नाही. सकाळी मला म्हणाली, "ताई, मी बापूला फोन केला. इतवारी पिकअप घेऊन येऊन राहिले. मी गावाकूनच काम करीन."

"गावात रेंज नाही, मंदा. मागच्या महिन्यात तू झाडावर फोन बांधून काम केलंस. तूच सांगितलंस."

"बांधीन अजून."

मी दवाखान्यात गेले खरी, पण त्या दिवशी दोन पेशंटचे केसपेपर अदलाबदल करून बसले. वेळेवर लक्षात आलं, नाहीतर भलतंच झालं असतं. मनात एकच, की हिच्या कूलरसमोर मी फुकट झोपले, चार महिने ते लपवलं आणि काल मी एक शब्द बोलले नाही.

शनिवारी सुट्टी होती. मी मॅडमना माझ्या झोपेच्या तासांचं सगळं सांगून टाकलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझं सूत्र पहिल्यापासून चुकलेलं होतं. मला काहून नाही सांगितलंस?" मॅडम एरवी 'का' म्हणतात. 'काहून' त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मंदा आतून आली. "तुमी दोघी खाली मीटरपाशी जा. मी घरातलं सगळं बंद करते. पाहून घ्या, माझ्यामुळं किती फिरते ते."

आम्ही खाली जिन्याखालच्या मीटरपाशी उभ्या राहिलो. मंदानं वरून ओरडून सांगितलं, "पंखे बंद. फ्रिज बंद. लॅपटॉप काढला. आता मेन स्विच बंद केला."

मीटरचा लाल दिवा लुकलुक करत होता. आधीपेक्षा जोरात.

मॅडम चष्मा पुसून परत बघायला लागल्या. मी म्हणाले, थांबेल. नाही थांबला. पाच-सात मिनिटं आम्ही दोघी त्या दिव्याकडं बघत उभ्या. आणि मग एकदम तो शांत झाला. त्याच वेळी घरमालक काका मागच्या अंगणातून आले, खांद्यावर टॉवेल, हातात बादली.

मॅडमनी विचारलं, "काका, आता काय बंद केलंत?"

"बोअरची मोटार. मागच्या महिन्यात नवी बसवली ना." ते आमच्याकडं बघायला लागले. मग मीटरकडं. मग मीटरच्या खालून निघून त्यांच्या अंगणाकडं गेलेल्या काळ्या वायरीकडं. वायरमननं घाईत जोडलेली, आमच्या मीटरला.

काकांच्या हातातली बादली खाली टेकली. "म्हंजी महिनाभर मी तुमच्या लाइटीवर आंघोळ करून राहिलो?"

हळदीच्या आडतीवर पंचवीस वर्षं काटा बघितलेला माणूस, लाजेनं लाल झाला. तासाभरात जादाचे सगळे पैसे घेऊन वर आला, वायरमनला बोलावून वायर तोडली आणि काकूंनी पाठवलेली हळदीची पिशवी ठेवून गेला. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं. मॅडमही खुर्चीत बसून हसायला लागल्या होत्या. हसता हसता त्या मंदाला म्हणाल्या, "चुकलं माझं. तुझ्यामुळं नव्हतं ते."

मंदा कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "बिल कमी झालं, मॅडम. बोललेलं कसं कमी होईल?"

आणि घड्या घालत राहिली.

*

रविवारी सकाळी गल्लीत पिकअप उभा राहिला. मंदाचे वडील वर आले. बापूंना मी पहिल्यांदाच बघत होते. उंच, काळेसावळे, डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडं. त्यांची शंभरेक मेंढरं आहेत, वर्षातले सहा-सात महिने ते मेंढरांमागं रानोमाळ असतात. खुर्ची दिली तर बसले नाहीत, उंबऱ्याजवळच भिंतीला टेकून बसले. मंदाचं गाठोडं, पेटी आणि लॅपटॉपची बॅग दारात काढून ठेवलेली होती. खाली ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

मी चहा दिला. बापूंनी बशीत ओतून घेतला, आणि भांडायला आलेल्या माणसासारखं नाही, खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं, "बाई, झालं काय? पोरगी काही सांगंना."

मॅडम त्यांच्यासमोर खाली बसल्या. त्यांनी काही लपवलं नाही. ऑगस्टचं बिल सांगितलं, आपण काय बोललो ते जसंच्या तसं सांगितलं, काकांची मोटार सांगितली. "त्या दिवशी माझंच चुकलं, बापू. पण त्याआधीचं सूत्र मी कोणाला लुबाडायला केलेलं नव्हतं. आम्ही दोघी बाहेर जातो. ही दिवसभर घरी बसते. म्हणून हिचं थोडं जास्त धरलं."

बापूंनी बशी खाली ठेवली. "बसते म्हणून?"

"हो."

"बसते म्हणून हिच्याकून पैसे घेतले?"

"हो, म्हणजे तासाप्रमाणं."

बापूंनी खांद्यावरचं घोंगडं सावरलं. मग म्हणाले, "आमचं येगळं हाय. आमची मेंढरं ज्याच्या वावरात बसतात, तो वावरवाला आमाला पैसे देतो. कोणी जवारी देतो. मेंढरं बसली का वावराला खत होते ना. बसायला या म्हणून लोक बलवायला येतात." त्यांनी मंदाकडं एकदा बघितलं. "बसणाराकूनच पैसे घेतलेले मी पयल्यांदाच ऐकून राहिलो."

कोणी हसलं नाही. खाली हॉर्न वाजला. मंदा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

तीस वर्षं गणित शिकवलेल्या मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला आणि विचारलं, "काय दर असतो, बापू?"

"जितकी मेंढरं, तसा."

"आणि एकच असलं तर?"

बापूंना हसू आलं. त्यांनी बशीतला उरलेला चहा संपवला.

"एकच असलं तर ते कोणी वावरात बसवत न्हाई, बाई. ते घरातच ऱ्हाते."

मॅडम गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, दारातलं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं.